पाइनला शंकू कमी लागतात? या चुका टाळा

यंदा शंकू, म्हणजे पाइनचं बी धरणारी खवलेदार बोंडं, कमी दिसले की लगेच खताची पोती फोडायची, ही पाइनच्या बीजबागेतली सगळ्यात महागडी चूक. अमेरिकेच्या दक्षिण भागातला लॉब्लॉली पाइन घ्या. त्याच्या लागवडीचं बी कलमी झाडांच्या बागांतून येतं. 2023 च्या ऑगस्टच्या सुमारास अंकुरात ठरलेली मादी कळी 2024 च्या वसंतात पराग घेते, फलन होतं थेट 2025 मध्ये आणि शंकू पिकतो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे आजची रिकामी फांदी दोन वर्षांपूर्वीचा हिशेब दाखवते. नत्र द्यायचंच तर कळी ठरण्याआधी, तिथल्या भर उन्हाळ्यात द्या.

पाण्याचंही तसंच. वसंतात पाणी हवं, पण जुलैनंतर थोडा ताण बसला तर मादी कळ्या वाढतात. बारमाही ठिबक चालू ठेवणारे हिरवीगार झाडं मिळवतात, शंकू नाही. ताण म्हणजे झाड वाळवणं नव्हे, हे सांगायला नकोच.

संजीवकांच्या बाबतीत कोकणातल्या आंब्याचा अनुभव इथे उलटा पडतो. हापूसला कल्टार हे वाढरोधक देतात ते जिबरेलिन (जीए) हे झाडातलं वाढीचं संजीवक रोखण्यासाठी. जिबरेलिन वाढलं की मोहोर मागे पडतो. पाइनला मात्र शंकू धरायला जिबरेलिनच देतात. पण कुठलं? बाजारात सहज मिळणारं जीए-3 सायप्रसच्या कुळातल्या झाडांवर, जपानच्या सुगी वृक्षासकट, चांगलं चालतं. पाइनला जीए-4 आणि जीए-7 यांचं मिश्रण लागतं. ते महाग असतं, म्हणून लोक जीए-3 वर भागवतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात. जोडीला खोडावर करवतीने दोन अर्धवलयं, म्हणजे अर्ध्या घेराच्या खाचा, घेतात: समोरासमोरच्या बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर. एकाच उंचीवर पूर्ण वलय घेतलं तर झाडच जाऊ शकतं.

मादी शंकू येतात शेंड्याकडे, नर खालच्या फांद्यांवर. उंची आवरायला शेंडा छाटला की मादी शंकूच कापले जातात. दाट बागेत सावलीने हेच होतं. विरळणी करताना हात आखडता घेऊ नका.

वसंतात कोवळे शंकू दिसले, पण वर्षभरात गळाले? आधी परागाचा संशय घ्या. नव्या कलमांवर मादी शंकू लवकर येतात, पराग मात्र पुरत नाही, आणि पराग न मिळालेला शंकू पहिल्याच वर्षी गळतो. बाहेरून पराग आणून फुंकणं हा त्यावरचा उपाय. शंकू तपकिरी पडून राळ आणि भुसा दिसला तर अळी आहे. शंकू ठणठणीत, पण बी पोकळ निघालं तर रसशोषक ढेकूण किंवा स्वपरागण, म्हणजे झाडाला स्वतःचाच पराग मिळणं. दुसऱ्या कारणावर फवारणीचा काडीचाही उपयोग नाही; एकाच झाडाची कलमं शेजारी लावू नका.

काढणीत घाई नडते. लॉब्लॉलीसाठी जुनी चाचणी आहे: शंकू तोडल्याबरोबर एसएई-20 इंजिन ऑइलमध्ये टाकायचा. तरंगला तर काढणीला हरकत नाही, बुडला तर थांबा. पिशवीत तासभर राहिलेल्या शंकूवर ही चाचणी करू नका. तो सुकून हलका होतो आणि कच्चा असूनही तरंगतो.