पॉइन्सेटिया कोमेजला? फवारणीआधी या चुका टाळा

डिसेंबरात दादर किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला लालभडक पॉइन्सेटिया जानेवारीत मान टाकतो आणि घरोघरी निदान एकच होतं: पाणी कमी पडलं. मग आणखी पाणी. बहुतेक झाडं इथेच हातची जातात.

माती ओली असूनही झाड मलूल असेल तर संशय मुळांवर घ्या. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा आणि एक तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आली, मागे नुसता दोरा उरला, तर मूळकूज आहे. ती बहुधा पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होते. मुळं पांढरी, टणक असतील पण खोड मातीलगत तपकिरी होऊन आत दबलं असेल तर रायझोक्टोनिया ही बुरशी. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद मात्र पहिल्याच दिवशी काढायला हवा. त्यात पाणी साचून राहतं.

पानांवर पांढरं दिसलं की लगेच बुरशीनाशक, हीसुद्धा घाई. बोटाने पुसून बघा. पिठासारखी भुकटी असेल तर भुरी हा बुरशीचा रोग; कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. ती कीड आहे, बुरशीनाशकाने मरत नाही. आणि एकही डाग नसताना पानं गळत असतील तर आधी एसीचा झोत कुठे लागतो ते पाहा.

ठिपक्याची कड कापून ग्लासातल्या पाण्यात धरायची, पाणी गढूळ झालं की जिवाणू, ही घरगुती चाचणी पॉइन्सेटियाला लावू नका. त्याच्या निरोगी पानातूनही पांढरा चीक येतो, पाणी दुधाळ होणारच! कोनदार, पिवळ्या कडेचे ठिपके जिवाणूचे आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरवावं. (हे ठिपके पाडणारा झँथोमोनस जिवाणू 1951 मध्ये जगापुढे आला तो तेव्हाच्या मुंबई राज्यातल्याच नोंदीतून.)

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर फवारणीपूर्वीच घ्या. पूर्ण वाळलेलं पान निरुपयोगी. निरोगी आणि रोगट भाग एकत्र असलेलं पान कोरड्या कागदात गुंडाळा, मुळं मातीसकट वेगळ्या पिशवीत.

अहवालात ‘फायटोप्लाझ्मा’ (झाडाच्या आत राहणारा एक सूक्ष्म जिवाणू) आलं म्हणून झाड टाकून देऊ नका. बाजारातले बुटके, भरगच्च फांद्यांचे पॉइन्सेटिया त्याच्यामुळेच तसे वाढतात.