चर्चच्या मंडळीसोबत लाइव्ह अल्बम करताय? आधी साउंड मिक्सरचं बोलू

गाणी बसवणं, कॉयरची तालीम, कोणाला कुठली ओळ द्यायची, हे तुम्हाला येतंच; त्यात मी पडत नाही. पण तरुण संघातलं कोणी येऊन म्हणालं, "दादा, रविवारी नाहीतरी गातोच, मिक्सरला पेनड्राइव्ह लावू, अल्बम तयार," तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. आमची अख्खी एक संध्याकाळ त्या पेनड्राइव्हनं खाल्ली. ते रेकॉर्डिंग अजून जपून ठेवलंय, पण शेवटपर्यंत ऐकवत नाही.

काय होतं ते नीट सांगतो. दीडदोनशे माणसांच्या हॉलमध्ये ढोलकी आणि झांजांना स्पीकरची फारशी गरज नसते. साउंडवाला ढोलकीचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) जेमतेम उचलतो, कारण ती तशीच शेवटच्या बाकापर्यंत पोचते. गाणाऱ्याचा आवाज मात्र पुढे काढावा लागतो, हार्मोनियमही थोडी. हॉलमध्ये बसून ऐकलं तर सगळं जागच्या जागी. पण मिक्सरमधून पेनड्राइव्हवर जातं ते फक्त स्पीकरच्या वाट्याचं. हॉलमध्ये जे आपोआप ऐकू येतं ते वजा करून उरलेलं! घरी येऊन लावलं की पुढाऱ्याचा, म्हणजे पुढे उभं राहून गाणाऱ्याचा, कोरडा आवाज कानात बसतो, मागे कुठंतरी टिचक्या मारल्यासारखी ढोलकी, आणि मंडळी जवळजवळ गायब. तिच्यासमोर माइक होताच कुठे? जी थोडीफार ऐकू येते ती पुढाऱ्याच्या माइकमध्ये सांडलेली. यात साउंडवाल्याचा दोष नाही. त्याचं काम हॉल सांभाळणं, ते त्यानं केलं. आणि हे नंतर सुधारत नाही, कारण सगळं एकाच फाइलमध्ये कालवलेलं असतं. ढोलकी वर घ्यायला गेलात की आवाजही वर येतो.

म्हणून प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा घ्या. बेरिंजर कंपनीचा एक्सआर१८ मिक्सर यूएसबीवरून लॅपटॉपला १८ चॅनेल वेगवेगळे देतो, एक्स३२ देतो ३२. विकत घ्यायची गरज नाही, भाड्यानं मिळतात. रेकॉर्डिंग फेडरच्या आधीचं घ्या, म्हणजे हॉलसाठी कोणी फेडर हलवला तरी तुमच्या ट्रॅकला धक्का लागत नाही. गेनचं, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा त्याचं, तसं नाही. हॉलचा आणि रेकॉर्डिंगचा गेन एकच, गाण्याच्या मधे फिरवला की ट्रॅकही उडी मारतो. तालमीत गेन लावून टाका आणि मग त्याला कोणी हात लावायचा नाही, पाळकसाहेबांनी सांगितलं तरी. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. सोळा ट्रॅक दोन तास चालले तर साधारण १७ जीबी होतात, डिस्कवर तेवढी जागा आधी बघा. हे वाचून घाबरायला होतं, मलाही व्हायचं. एका तालमीत अंगवळणी पडतं.

मंडळीचे माइक हा खरा जीव. दोन कंडेन्सर माइक (लांबचा, बारीक आवाजही टिपणारे) स्टेजच्या कडेला लावा, तोंड लोकांकडे आणि पाठ स्पीकरकडे. हॉलच्या मागे लावायचे असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १५ मीटर मागे ठेवलेल्या माइकमध्ये स्टेजवरचा आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो तसाच मिसळला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. यासाठी रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर स्टेजवरून एक जोरदार टाळी वाजवा. नंतर लॅपटॉपवर मागच्या माइकचा ट्रॅक डावीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, सरकवून दोन्ही टाळ्या जुळवायच्या. पाच मिनिटांचं काम आहे.

या माइकना पंखेही ऐकू येतात. मे महिन्यात पंखे बंद करा म्हणालात तर मंडळीच उठून जाईल, आणि पावसाळ्यात पत्र्याचं छत तुमच्यापेक्षा जोरात गातं. डिसेंबर कॅरलमध्ये जातो. उरला जानेवारीचा शेवट. झांजा तिघांच्याच हातात द्या, त्याही मंडळीच्या माइकपासून लांब. महिला मंडळ रुसेल, पण प्रत्येक बाकावर झांज असली तर शब्द कोणाचेच कळत नाहीत.

पट्टीवरून माझं मत ठाम आहे. पुढाऱ्याला काळी चार शोभते म्हणून सगळ्यांना काळी चारमध्ये ओढू नका. दोन स्वर खाली घ्या, मंडळी गाऊ लागते. पुढाऱ्याचा आवाज थोडा कमी चमकला तर चमकू दे. जुनी हार्मोनियम कीबोर्डशी तंतोतंत जुळत नाही, तेव्हा कीबोर्ड हार्मोनियमला जुळवून घ्या. हार्मोनियम कीबोर्डकडे येणार नाही. हे मला कुठल्या व्हिडिओनं नाही, साठीतल्या एका पेटीवाल्या काकांनी दाखवलं. असे काका तुमच्या चर्चमध्ये असतील तर ते सांगतात तसं वागा, चिडके असले तरी. ऑटोट्यून (बेसूर आवाज यंत्रानं सुरात आणणं) आणि तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारे आयते तुकडे) यांच्या मी विरोधात आहे. सिडनीच्या हिलसाँग चर्चसारखं वाजायला हवं असा हट्ट तरुण धरतात. तिथला हॉल वेगळा, माणसं वेगळी, खर्च तर विचारूच नका.

आता कॉपीराइट. १९५७ च्या कायद्यात उपासनेत गाणं गायला सूट आहे, कलम ५२ मध्ये. तेच गाणं रेकॉर्ड करून प्रसिद्ध करायला ती सूट लागू नाही. चर्चकडे गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायचा परवाना असेल, तोही इथे चालत नाही. पहिलं रेकॉर्डिंग झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटल्यावर कलम ३१सी खाली कव्हर, म्हणजे तेच गाणं स्वतः गाऊन नवं रेकॉर्डिंग, करता येतं, पण रॉयल्टी आगाऊ आणि एरवी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबानं. आपल्या आकाराच्या मंडळीला ते झेपत नाही. त्यापेक्षा मालकाला सरळ पत्र लिहा. इंग्रजी गाण्याचा मराठी अनुवाद तुम्ही स्वतः केला असला तरी अनुवादाचा हक्क मूळ मालकाचाच.

नारायण वामन टिळकांच्या रचना मात्र मोकळ्या आहेत. ते १९१९ मध्ये वारले आणि आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. फक्त चाल कोणाची ते तपासा. शब्द टिळकांचे आणि चाल हयात असलेल्या कोणाची, असं सर्रास असतं. चालकारांकडे स्वतः जा, दोन ओळींचं संमतिपत्र घ्या, नाव नीट छापा. तोंडी "घे रे बाळा" वर थांबू नका, त्यांची मुलं उद्या वेगळं म्हणू शकतात.

एवढं करूनही यूट्यूबवर जुन्या भजनावर दुसऱ्याच कोणाचा तरी क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. झोप उडवून घेऊ नका. यंत्राला सूर ओळखीचा वाटला एवढंच. शब्द मुक्त आहेत, चालीची संमती हातात आहे आणि रेकॉर्डिंग आपलं आहे असं लिहून हरकत घ्या. संमतिपत्राचा फोटो तेवढा फोनमध्ये ठेवा.