टीसीएची बाटली उघडण्याआधी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी मोड आलेल्या मुगातलं अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) घेतलं. मूग मंडईत मिळतात आणि पुण्याच्या एप्रिलात रातोरात मोड येतात, एवढाच त्यामागचा विचार! अर्क फार पातळ निघाला, म्हणून प्रथिनं खाली बसवायला सरळ टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) घातलं. तळाशी पांढरीशुभ्र पेलेट (प्रथिनांचा गाळ) बसली. मी खूश. पण ती बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळेना. कशीबशी ढवळून स्टार्चमध्ये घातली, वर आयोडीनचा थेंब. निळं. अर्ध्या तासाने पाहिलं, तरी निळंच. म्हणजे स्टार्च तुटलंच नव्हतं, त्याला कोणी हातही लावला नव्हता.

सिनिअर ताईने विचारलं, "अगं, तुला चालतं एन्झाइम हवंय की नुसता जेलवर पट्टा?"

पट्टाच हवा असेल, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून नुसती बघायची असतील, तर टीसीए उत्तम. ते प्रथिनाची घडीच मोडतं, पण जेलला तशीही मोडायचीच असते. फक्त पेलेट थंड ॲसिटोनने नीट धुवा. आम्ल उरलं की निळं सँपल बफर (जेलवर घालायच्या आधी प्रथिनात मिसळतात ते) पिवळं पडतं. तेव्हा ट्रिसचा (आम्ल मारणारं अल्कधर्मी द्रावण) थेंब टाकून परत निळं करायचं. उणे 20 अंशांचं चौपट ॲसिटोनही चालतं. त्यातून काही एन्झाइम तगतात, पण त्या भरवशावर प्रोजेक्ट उभा करू नका. दूध लिंबाने फाटतं तसं पीएच उतरवूनही प्रथिन खाली बसवता येतं, दुधातलं केसीन 4.6 ला बसतं. आपल्या प्रथिनाचा तो आकडा माहीत नसेल तर मात्र नुसती चाचपडत बसाल.

एन्झाइम चालतं हवं असेल तर अमोनियम सल्फेट हे मीठ. ते पाणी आपल्याकडे ओढतं, प्रथिनं एकमेकांना बिलगून खाली येतात, घडी बहुधा शाबूत राहते. बर्फावर 100 मिलीला 50 टक्के संपृक्ततेसाठी 29.1 ग्रॅम लागतं, 25 अंशांना 31.3. तेव्हा तक्ता कुठल्या तापमानाचा आहे ते बघा (मी पाहिलं नव्हतं). बारीक कुटून चिमूट-चिमूट घाला, ढवळणं इतकं हळू की फेस येऊ नये. आधी छोट्या नळ्यांत 20 ते 80 टक्के करून बघा.

मग ते मीठ काढायला प्रथिन डायलिसिसच्या (बारीक छिद्रांच्या) पिशवीत भरून बफरमध्ये ठेवतात. ती पिशवी गच्च भरू नका. आतलं मीठ पाणी खेचतं. माझी एका रात्रीत फुटली आणि सकाळी दोन लिटर बफरमध्ये अमायलेज पोहत होतं.

आणि ॲक्टिव्हिटी (एन्झाइम किती काम करतं ते) मोजून होईपर्यंत सुपरनॅटंट (पेलेटवरचं द्रव) सिंकमध्ये ओतू नका. माझ्या पहिल्या कटच्या (मीठ घालण्याच्या पहिल्या टप्प्याच्या) पेलेटमध्ये जवळजवळ काहीच नव्हतं. सगळं फ्रिजमधल्या, मी टाकून द्यायला निघालेल्या बाटलीत होतं.