जुनी मनगटी घड्याळं ईबेवर लिलावाने विकताना

लिलाव म्हटला की नवख्या विक्रेत्याच्या डोक्यात एकच गणित असतं: ९९ सेंटपासून सुरुवात करायची, जगभरचे लोक तुटून पडतील आणि भाव आपोआप चढेल. चढतोही, पण ती वस्तू त्याच आठवड्यात निदान दोघांना हवी असली तरच. एकच गिऱ्हाईक फिरकलं तर घड्याळ ९९ सेंटला जातं आणि ते मुकाट्याने पाठवावं लागतं. त्यामुळे लिलावाला काय लावायचं आणि काय ठरलेल्या किमतीला विकायचं, हा निर्णय सगळ्यात आधी.

इथे उदाहरण जुन्या यांत्रिक घड्याळांचं घेतलं आहे. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हा माल मिळतो, आणि त्याचे शौकीन युरोप-अमेरिकेत आहेत. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साह्याने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली. २०१६ साली सरकारने घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं आणि तेव्हापासून ‘जनता’, ‘पायलट’ या नावांना परदेशातही मागणी आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली जपानी सीको कंपनीची सीको फाइव्ह घड्याळं तर आपल्याकडे ढिगाने सापडतात.

ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजाराने २००४ साली बाझी डॉट कॉम ही इथली लिलावाची साइट विकत घेऊन भारतात बस्तान बसवलं होतं. ते देशांतर्गत दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. आता इथून ईबेवर विकायचं म्हणजे निर्यातच करायची, म्हणून कागदपत्रांकडे आधी बघावं लागतं. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. तो दर वर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन अद्ययावत करावा लागतो. काहीही बदललेलं नसलं तरी करावा लागतो, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि ऐन पार्सलच्या वेळी कळतं. विक्रीचे पैसे पेओनियर या परदेशी पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत बँकेत येतात. पॅन, बँक खातं, पेओनियर आणि ईबे या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं हवं. एका ठिकाणी मधलं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून पडताळणी अडकते. जीएसटी आणि एलयूटीचं (कर न भरता निर्यात करण्यासाठीच्या हमीपत्राचं) पहिल्या विक्रीआधीच सीएला विचारून घ्या.

आणखी एक कायदा इथे थेट लागू पडतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं वा त्याहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वाड्याच्या माळ्यावर सापडलेलं पणजोबांचं खिशातलं घड्याळ कितीही मोहात पाडत असलं तरी ते ईबेवर लावायचं नाही. १९५० नंतरचा माल घेतला की ही चिंता राहत नाही. क्वार्ट्झ घड्याळंही सुरुवातीला टाळलेली बरी, कारण बॅटरी म्हटलं की टपाल आणि कुरिअर दोन्हीकडे प्रश्न उभे राहतात. चावीची आणि ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारी, घड्याळं सरळ जातात.

आता माल. परदेशी संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दच रूढ आहे आणि तो कौतुकाने वापरला जात नाही. जुन्या सीकोची डायल खरवडून त्यावर भगवा, निळा नाहीतर पोपटी रंग मारायचा, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, चावी तिसऱ्याची, केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, पॉलिश करून कडा गुळगुळीत केलेल्या, असा तो प्रकार. भारतातलं खातं दिसलं की अनुभवी गिऱ्हाईक हीच शंका मनात धरून फोटो उघडतं. ही शंका बोलीतून वजा होते, आणि ज्याचं उत्तर फोटोत नाही अशी प्रत्येक गोष्ट भावातून आणखी थोडं कापून नेते. लिलावाची जवळजवळ सगळी मेहनत या वजाबाक्या थांबवण्यासाठी असते.

म्हणून घेताना स्वतः ओळखायला शिका. सोबत दहापट भिंग ठेवा. सीकोच्या मागच्या झाकणावर चार-चार आकड्या-अक्षरांची जोडी असते. त्यातले पहिले चार म्हणजे मशीनचा नंबर, उदाहरणार्थ ७००९. डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या खाली, बारीक अक्षरांत असाच कोड छापलेला असतो आणि त्याची सुरुवातही त्याच चार आकड्यांनी व्हायला हवी. रंगवलेल्या डायलवर ही ओळ गायब असते, नाहीतर भिंगाखाली तिथे निरर्थक ठिपके दिसतात. झाकणावरच्या सीरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबरसाठी एन, डिसेंबरसाठी डी. दशक मशीनच्या नंबरवरून ठरवायचं. झाकण उघडून आतल्या मशीनवरचा नंबर बाहेरच्याशी जुळतो का, हे दुकानातच पाहून घ्या. घरी येऊन पाहण्यात अर्थ नाही.

एचएमटीच्या बाबतीत मराठी माणसाला एक फुकटचा फायदा आहे. देवनागरी डायलच्या ‘जनता’ला बाहेर चांगली मागणी, साहजिकच नव्याने रंगवलेल्या डायलही त्यातच जास्त. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला सगळी अक्षरं सारखीच दिसतात. आपल्याला मात्र शिरोरेषा कुठे तुटली, ‘ज’ची गाठ कुठे भरून गेली, काना कुठे तिरका झाला हे भिंगाशिवायही कळतं. शाई अक्षराच्या कडेला पसरलेली असेल किंवा ताशी खुणांच्या धातूवर रंग चढलेला असेल, तर डायल रंगवलेली समजा.

रंगवलेलं घड्याळ विकूच नये असं नाही. ‘डायल मूळ नाही, नव्याने रंगवलेली आहे’ हे वर्णनाच्या पहिल्या तीन ओळींत लिहा आणि ठरलेल्या किमतीला विका. रोज वापरायला रंगीत घड्याळ हवं असणारे लोक ते खुशीने घेतात. मूळ म्हणून विकलं की ते परत येतं आणि परतीचं भाडं तुमच्या डोक्यावर बसतं.

लिलावाला कोणती लावायची, तर ज्यांचा भाव तुम्हालाच नक्की ठाऊक नाही आणि ज्यांच्यासाठी दोन शौकीन भांडू शकतात अशी: न रंगवलेली, कमी दिसणारी डायल, मूळ पट्ट्यासह आणि खोक्यासह असलेलं घड्याळ. बंद मशीन, सुटे काटे, चाव्या, बॅलन्स (आतली मागेपुढे फिरणारी चाकं) यांचा मिश्र ढीगसुद्धा यातच येतो. परदेशातले दुरुस्ती करणारे असे ढीग हौसेने घेतात आणि त्यांना ठरावीक भाव नसतोच. ‘सुट्या भागांसाठी, चालू नाही’ ही स्थिती निवडली की तक्रारींचं प्रमाणही उतरतं. साधी, नेहमी दिसणारी जनता लिलावाला लावण्यात मात्र काही हशील नाही. तशा वीस घड्याळांच्या किमती समोरच दिसत असतात, मग बोली कोण वाढवेल?

भाव पाहताना लोक काय मागतात याकडे दुर्लक्ष करा. शोध घेतल्यावर ‘विकलेल्या वस्तू’ ही चाळणी लावा. साधारण गेल्या ९० दिवसांतले प्रत्यक्ष आलेले भाव दिसतात. त्यातले सर्वांत वरचे दोन सोडून द्या.

सुरुवातीची बोली ठरवायला कागदावर हिशोब मांडा. समजा, घड्याळ आणि सर्व्हिसिंग मिळून २४०० रुपये, पॅकिंग ८०, टपाल ७००. एकूण ३१८०. ईबेची फी, पेओनियरची कपात आणि चलनबदलातली घट मिळून १८ टक्के धरली तर ३१८० भागिले ०.८२, म्हणजे सुमारे ३८८० रुपये गिऱ्हाइकाकडून आले तरच तुम्ही बरोबरीत. इथे हमखास होणारी चूक अशी की फी फक्त वस्तूच्या किमतीवर मोजली जाते. ती टपालखर्च धरून गिऱ्हाइकाने भरलेल्या एकूण रकमेवर लागते. ‘टपाल फुकट’ लिहा किंवा वेगळं लावा, फी चुकत नाही. नवीन खात्याने पहिले काही लिलाव या बरोबरीच्या रकमेपासूनच सुरू करावेत. विकलेल्या मालाच्या यादीत त्याच मॉडेलवर सात-आठ बोल्या पडलेल्या दिसल्या तरच ९९ सेंटचं धाडस करा.

शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. ब्रँड, मॉडेल, मशीनचा नंबर, ऑटोमॅटिक की चावीचं, केसचा व्यास मिलिमीटरमध्ये, डायलचा रंग, दशक, एवढं इंग्रजीत बसवा. ‘रेअर’, ‘सुपर’, उद्गारचिन्हं यांनी जागा खाऊ नका. कोणी ‘सुपर’ असं टाइप करून घड्याळ शोधत नाही. कोणी ७००९ शोधतं.

फोटो २४ पर्यंत फुकट चढवता येतात. दहा-बारा पुरतात, पण ते हे हवेत: समोरून सरळ, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर म्हणजे नाव झाकलं जात नाही. डायलच्या खालच्या कडेचा जवळून फोटो. मागचं झाकण, सीरियल नंबर वाचता येईल असं. उघडं मशीन. चावी बाजूने. पट्टा अडकतो ती केसची टोकं, कारण पॉलिशने झिजलेली कड तिथेच कळते. काचेवरचे ओरखडे तिरप्या उजेडात. व्हर्नियर कॅलिपर लावून व्यास. खिडकीजवळच्या सावलीतला उजेड सर्वांत चांगला. फ्लॅशने काच चमकते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी लपवलंय. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावलेल्या घड्याळाचा फोटो दहा ओळींच्या वर्णनापेक्षा जास्त काम करतो. जनताचे ठोके ताशी १८,०००, सीको ७००९चे २१,६००. दिवसाला २०-३० सेकंद पुढेमागे असेल तर तसंच लिहा. ‘सर्व्हिस केलेलं’ हा शब्द मशीन खरंच उघडून, धुऊन, तेल घातलं असेल तरच, आणि ‘वॉटरप्रूफ’ कधीच नाही.

वेळेचं गणित मजेशीर आहे. लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी संपतो. मुदत एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांची. न्यूयॉर्कच्या रविवारी रात्री नऊला संपवायचा असेल तर आपल्याकडे सोमवारची सकाळ असते, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. दहा दिवसांचा हवा असेल तर तो शुक्रवारी सकाळी त्याच वेळेला सुरू करा, मग दोन शनिवार-रविवार मिळतात. माल ब्रिटनसाठी असेल तर त्यांची रविवार रात्री आठची वेळ म्हणजे आपली मध्यरात्रीनंतर साडेबारा किंवा दीड.

सहाव्या दिवशी बोली तळाला पाहून घाबरू नका. ईबे बोली लावणाऱ्याची कमाल रक्कम लपवून ठेवतं आणि गरजेपुरतीच वाढवतं. एकाने ६० डॉलर लावून ठेवलेत आणि दुसऱ्याने ४८ लावले, तर दिसणारा भाव ४९ होतो, कारण २५ ते १०० डॉलरच्या पट्ट्यात एक डॉलरची पायरी आहे. शिवाय मुरलेले लोक शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकतात. भावाला खरी चढण तिथेच लागते. मधल्या काळात मित्राला सांगून बोली वाढवणं हा नियमभंग आहे आणि त्यात खातं जातं. ‘लिलाव बंद करा, मी बाहेरून एवढे देतो’ असा निरोप आला तर नकार द्या आणि विकलेल्या मालाची यादी पुन्हा चाळा. असा निरोप बहुधा तुम्ही ओळखली नाही अशा चांगल्या वस्तूवरच येतो.

जिंकणाऱ्याला पैसे भरायला चार दिवस असतात. त्यानंतर व्यवहार रद्द करून दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्याच बोलीच्या रकमेला देऊ करता येतं.

पॅकिंग: मऊ कापड किंवा फोमची घडी, चावीवर दाब येणार नाही अशी. मग प्लॅस्टिकची छोटी डबी, तिच्याभोवती बबल रॅपचे दोन वेढे आणि साधारण १५ × १० × ८ सेंटिमीटरचा कडक खोका. हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडा. खोक्यावर ब्रँडचं नाव नको. कस्टमच्या कागदावर ‘वापरलेलं यांत्रिक मनगटी घड्याळ, बॅटरी नाही’ असं लिहा. एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा कोड, ९१०२, केस मौल्यवान धातूची असेल तर ९१०१. टपालाने पाठवायचं तर डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे टपालाने निर्यातीचं कस्टमपत्र, भरता येतं, आणि हलक्या मालाला ट्रॅक्ड पॅकेट आहे. कुठल्या देशाला ते चालतं हे लिलाव लावण्याआधी पाहा, नंतर नाही. किंमत कमी दाखवा, ‘भेट’ लिहा, अशी विनंती गिऱ्हाइकाकडून येतेच. मान्य केली तर हरवलेल्या पार्सलची भरपाईही त्याच खोट्या रकमेने मिळते. युरोपीय संघात १५० युरोपर्यंत आणि ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट ईबेच गिऱ्हाइकाकडून घेतं, पण युरोपसाठीचा आयओएसएस नंबर (व्हॅट आधीच घेतल्याची खूण असलेला ईबेचा नोंदणी क्रमांक) टपालाच्या नोंदीत घातला नाही तर गिऱ्हाइकाला तोच कर दारात पुन्हा भरावा लागतो आणि राग तुमच्या रेटिंगवर निघतो. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. तिथे पाठवताना ड्युटी आधीच भरायच्या सोयीचा त्या आठवड्यातला दर विचारूनच टपालखर्च लावा.

तक्रार आली की उत्तर चोवीस तासांत द्या. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीत परतीचं भाडं विक्रेत्याचं असतं आणि कॅनडाहून परतीचा खर्च कधी कधी घड्याळापेक्षा जास्त होतो. तिथे हुज्जत घालण्यापेक्षा थोडी रक्कम परत करून मिटवणं स्वस्त पडतं. घड्याळ परत आलंच तर आधी झाकण उघडा आणि मशीनवरचे ओरखडे, स्क्रूच्या खाचा तुमच्या फोटोशी ताडून पाहा. चांगलं मशीन काढून घेऊन बंद पडलेलं घालून पाठवणारेही असतात, आणि ते सिद्ध करायला तोच उघड्या मशीनचा फोटो लागतो.