पोट्टं सारखं चिडचिड करतं? आधी त्याच्या पोटात काय गेलं ते पहा

लेकरू उगाच चिडतं, रडतं, वर्गात लक्ष देत नाही अशी तक्रार आली की घरचे सरळ त्याला जिद्दी म्हणून मोकळे होतात, नाहीतर सगळं मोबाईलवर ढकलतात. मोबाईलचा त्रास आहेच, पण सकाळपासून लेकरानं काय खाल्लं हे कोणी विचारतच नाही.

आता कापूस वेचायचे दिवस असले की माय सकाळीच वावरात जाते आणि पोट्टं चाय-टोस्टवर शाळेत. रात्रभराचं उपाशी पोट, त्यात टोस्टनं आलेली ताकद जास्त वेळ टिकत नाही, मग दहा-अकराच्या सुमारास ते पेंगतं नाहीतर बाजूच्याशी भांडतं. म्हणून तयारी रात्रीच करून ठेवा. उरलेली भाकर सकाळी कुस्करून त्यात दही आणि जवसाची नाहीतर फल्लीदाण्याची चटणी, किंवा मूग भिजत घालून सांबार (कोथिंबीर) टाकून धिरडी, आणि तेवढाही टाईम नसला तर फुटाणे-गूळ. फक्त पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे फुटाणे, फल्लीदाणे देऊ नका, श्वासनळीत अडकतात, कूट करून द्या.

चायबद्दल मात्र मी कडकच बोलणार. जेवताना चाय पिली की भाजी-डाळीतलं लोह अंगाला नीट लागत नाही, आणि आपल्याकडे आधीच लेकरांत रक्त कमी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 6 महिने ते 5 वर्षांच्या 67 टक्के लेकरांत रक्ताची कमी निघाली, म्हणजे दर तिघांत दोघं! असं लेकरू लवकर थकतं, चिडतं, त्याचं लक्ष लागत नाही आणि आपण त्याला आळशी म्हणून रागावतो, हे मला खरंच पाहवत नाही. लहान लेकराला चाय देऊच नका. आंबाडी, चवळी, हरभऱ्याची भाजी करा, वरणात लिंबू पिळा, संत्र्याच्या सीझनमध्ये जेवणासोबत एक संत्रं द्या, आंबटानं लोह चांगलं लागू होतं. शाळेतून आठवड्याला लोहाची गोळी मिळते, 5 ते 10 वर्षांवाल्यांना गुलाबी आणि त्यापुढच्यांना निळी, ती दप्तरात पडून राहते, घेतली का ते विचारत जा. जंताची गोळीपण चुकवू नका.

चिप्सची पाकिटं पूर्ण बंद होणार नाहीत, पण रोजची नको.

आणि जेवताना मार्कांचा विषय काढू नका. रात्री सगळे एका पंगतीत बसा, टीव्ही बंद ठेवा, त्याला बोलू द्या, मनात काय चाललं ते लेकरू अशाच वेळी सांगतं.

इतकं करूनही दोन-तीन आठवडे ते गुमसुम असेल, झोप-जेवण सुटलं असेल, मरायचं वगैरे बोलत असेल (असं बोललं तर एक दिवसही थांबू नका) तर फक्त खाण्यानं भागणार नाही. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवा, रक्त तपासून घ्या, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या 14416 नंबरवर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.