मोकळ्या गावठी कोंबड्या आणि रानातली जनावरं: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

गावी परतून परसात कोंबड्या पाळायला घेणारी मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा खाद्य, लस आणि जात यांबद्दल खूप विचारतात. मुंगूस, उदमांजर, घार यांचा विषय सहसा पहिली कोंबडी गेल्यावरच निघतो. रत्नागिरीच्या दक्षिणेला, एका अंगाला काजूची बाग आणि दुसऱ्या अंगाला वहाळ अशा जागेत मी गावठी कोंबड्या पाळतो. तिथल्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कोंबडी कोणी नेली हे कळल्याशिवाय जाळीवर पैसे घालू नका. घारीसाठी केलेली सोय घुशीला अडवत नाही आणि कोल्ह्यासाठी घातलेलं कुंपण मुंगसाला अडवत नाही.

आधी वेळ बघा. भर दिवसा, माणसांची वर्दळ थांबली असताना नुकसान झालं तर मुंगूस, घार, शिक्रा, घोरपड किंवा मोकाट कुत्रा. झुंजुमुंजू असताना किंवा तिन्हीसांजेला बाहेरच्या बाहेर कोंबडी गेली तर बहुधा कोल्हा. रात्री खुराड्याच्या आत झालं तर उदमांजर, रानमांजर, साप, उंदीर, घूस.

मग मागे काय उरलंय ते बघा. मुंगूस मान आणि डोकं धरतं. मोठी कोंबडी त्याला उचलून नेणं जड जातं, म्हणून ती जवळच्याच झुडपाखाली ओढलेली सापडते. कोल्हा अख्खी कोंबडी उचलतो आणि पिसांचा माग गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) ढासळलेल्या जागेपर्यंत जातो. कुत्र्यांचा प्रकार वेगळा असतो. चार-पाच कोंबड्या इकडेतिकडे मारून टाकलेल्या असतात, खाल्लेली क्वचितच एखादी. पिल्लू दिवसा काहीही मागे न ठेवता नाहीसं झालं तर वर आभाळाकडे बघा. रात्री बंद खुराड्यातून नाहीसं झालं तर जमिनीकडे बघा: घूस पिल्लू बिळात ओढते आणि बिळाच्या तोंडाशी पिसं राहतात. मेलेलं पिल्लू ओलं, चिकट होऊन पडलेलं दिसलं तर सापाने गिळायला घेऊन सोडून दिलेलं असण्याची शक्यता मोठी. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर खुराड्याभोवती चाळलेली बारीक माती पसरून ठेवा. सकाळी पावलं उमटलेली असतात. कुत्र्या-कोल्ह्याच्या पावलापुढे नखं दिसतात, मांजराच्या पावलापुढे दिसत नाहीत.

रात्रीच्या खुराड्यावर हात आखडू नका. बाकी सगळीकडे काटकसर चालेल. दुकानात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवायला पुरते, जनावराला बाहेर ठेवायला पुरत नाही. कुत्रा ती ओरबाडून फाडतो, साप आणि उंदीर भोकातून येतात. निदान खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. चिऱ्याचं जोतं असेल तर जाळी त्यात पक्की बसवा. जोतं नसेल तर भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट जाळी जमिनीवर आडवी पसरा, वर माती आणि दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतं, तिथे जाळी लागली की दोन फूट मागे सरून पुन्हा सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. हा उपाय खोल चर खणण्यापेक्षा स्वस्त आहे आणि आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत तर हाच शक्य आहे.

छपराकडे लोक दुर्लक्ष करतात. उदमांजर उत्तम चढतं, कौलाच्या फटीतून सहज उतरतं. कौलांखालून जाळी मारून घ्या. दाराची साधी कडी धक्क्याने निसटते, तिच्यात खुंटी किंवा वाकवलेली तार घाला. कोंबड्या बसायची आडवी काठी जाळीपासून हातभर आत ठेवा, नाहीतर जनावर बाहेरूनच पाय ओढतं. आणि खुराडं फणसाखाली बांधू नका. पिकलेल्या फणसाच्या, पपईच्या वासाने उदमांजर येतंच, त्याला खुराड्याची वाट आपण दाखवण्याची गरज नाही. काही कोंबड्या झाडावर झोपतात आणि मालकाला वाटतं, तिथे त्या सुरक्षित आहेत. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. झाडावर चढून आलेल्या उदमांजरापुढे ती बसल्या जागी सापडते.

म्हणून दिवेलागणीच्या आधी दार बंद झालंच पाहिजे. त्यासाठी मागे धावावं लागत नाही. नवीन कोंबड्या आणल्यावर आठवडाभर खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर त्यांना कळतं. पुढे रोज संध्याकाळी त्याच वेळी डबा वाजवून मूठभर भात किंवा कणी आतच टाका, मोजा, दार लावा. लग्नाकार्याला जायचं असेल तर शेजाऱ्याला दार लावायला सांगून जा. तेही जमणार नसेल तर त्या दिवशी कोंबड्या सोडू नका.

पिल्लांचे पहिले सहा ते आठ आठवडे सगळ्यांत नाजूक. आपल्याकडे घारी साधारण हिवाळ्यात घरटी करतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना स्वतःची पिल्लं भरवायची असतात आणि अंगणात फेऱ्या वाढतात. शिक्रा घारीसारखा उंचावर घिरट्या घालत बसत नाही, झाडीतून खालच्या खाली सुसाट येतो. या काळात आईसकट पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात वाढवा. किनाऱ्यावरच्या गावांत मच्छीमारांकडे जुनी जाळी स्वस्तात मिळते, ती वर ताणून घेतली की काम होतं. मात्र जाळं जमिनीवर लोळू देऊ नका, त्यात धामण अडकून मरते, आणि धामण गेली की उंदीर वाढतात. चमकत्या पट्ट्या थोडे दिवस चालतात, मग पक्ष्यांना त्यांची सवय होते. मोकळ्या अंगणापेक्षा करवंदीची जाळी, केळीचं बेट, तुरीच्या ओळी कोंबड्यांना जास्त वाचवतात, कारण दोन उड्यांत आडोसा मिळतो.

आणि कळपात एक जाणता कोंबडा हवाच. त्याचं ओरडणं ऐकायला शिका, यात मला स्वतःला सगळ्यांत जास्त आनंद आहे. वरून शिकारी पक्षी आला तर तो बारीक, लांबवलेला आवाज काढतो आणि कोंबड्या जागच्या जागी दबून बसतात किंवा झुडपात शिरतात. जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रा आला तर ठसक्यात, तुटक, मोठ्याने ओरडत राहतो आणि कोंबड्या माना ताठ करून त्या दिशेला बघतात. आठवडाभर लक्ष दिलंत तर हातातलं काम न सोडता तुम्हाला कळेल की वर बघायचं की खाली. कोतवाल पक्ष्याचं घरटं अंगणाजवळ असेल तर त्या झाडाची फांदी तोडू नका. तो घारीच्या पाठीवर टोचा मारत तिला पार हाकलून देतो.

फासे आणि विष यांचा सल्ला गावात कोणीतरी देईलच. ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि घोरपड तर त्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. मारणं, पकडणं हा गुन्हा आहे. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर तेही जातं, आणि रात्रीचे उंदीर कमी करणारं ते एक फुकटचं राखण असतं. साप खुराड्यात दिसला तर कोंबड्या बाहेर काढून जवळच्या सर्पमित्राला बोलवा. जुन्नर, आंबेगाव, शिरूरसारख्या ऊसपट्ट्यात राहत असाल आणि बिबट्याचे ठसे दिसले तर ते काम आपलं नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि तोवर अंधारात खुराड्याकडे एकट्याने जाऊ नका.

पहिल्या खेपेला एक दिवसाची पिल्लं आणू नका. दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि एक कोंबडा आणा, सगळे मिळून दहाच्या आत. पांढऱ्या रंगाचे पक्षी टाळा, ते वरून लांबून दिसतात. वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंगाने भरतात पण सहसा रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत. पुढे घरचीच पिल्लं हवी असतील तर निम्म्या गावठी घ्या. भातकापणीनंतर शेतातले उंदीर घराकडे येतात आणि त्यांच्या मागे साप येतात, तेव्हा खुराडं त्याआधी, म्हणजे दसऱ्यापर्यंत, पुरं झालेलं असावं. फटी आतून दिवा लावून रात्री बाहेरून तपासा. जिथून उजेड दिसेल आणि तुमचं बोट जाईल, ती फट बुजवून मगच पक्षी आणायला जा.