टॅरोत सगळीकडे 'तेच' दिसतंय? मग या चुका टाळा

चारचौघांत टॅरोचा, म्हणजे हल्ली भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, डेक पसरला की हा क्षण कधी ना कधी येतोच, कोणीतरी एक कार्ड उचलतं, डोळे बारीक करून बघतं आणि म्हणतं, 'अगं, हे तर सरळसरळ ते आहे ना?' 'ते' म्हणजे सेक्स, आणि मग पुढची दहा मिनिटं गेलीच समजायची. मला या दहा मिनिटांत हसायला मनापासून आवडतं. पण त्याच हसण्यात चांगल्या रीडिंगचा, म्हणजे कार्डांवरून प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा, बट्ट्याबोळ झालेलाही मी बघितलाय, कोणाचा तरी अपमान झालेला बघितलाय, आणि एकदा तर तो माझाच झाला होता, तो किस्सा खाली येईलच. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

काठी दिसली की झालं!

सगळ्यात जास्त हाल वाँड्सचे, म्हणजे काठ्यांच्या कार्डांचे, होतात. एस ऑफ वाँड्स, म्हणजे काठ्यांचा एक्का, काढा, ढगातून आलेला हात आणि त्या हातात उभी धरलेली जाडजूड काठी, बस्स, टेबलावर कोणीतरी फिस्सकन हसणारच. माझ्या एका मैत्रिणीने यावर दिलेलं उत्तर मी आजही वापरते, ती कार्डाकडे नीट बघून म्हणाली, 'अरे पण त्याला पानं फुटलीयेत, आधी डॉक्टरला दाखव.' सगळे हसले, आणि हसता हसता पहिल्यांदाच सगळ्यांनी ती पानं बघितली. ती पानं हाच त्या कार्डाचा जीव आहे, तोडलेली वाळकी काठी नाहीये ती, पालवी फुटलेलं जिवंत लाकूड आहे, म्हणजे नवीन काम, नवीन उमेद, काहीतरी उगवतंय.

आता या काठीचा इतिहास बघा, मला तो फार आवडतो. टॅरोतल्या मायनर अर्कानाचे, म्हणजे आकड्यांच्या आणि राजा-राणीच्या साध्या पत्त्यांचे, चार सूट म्हणजे काठ्या, कप, तलवारी आणि नाणी, हे इजिप्तच्या मामलूक काळातल्या खेळण्याच्या पत्त्यांवरून युरोपात आले, आणि त्या पत्त्यांवर काठी नव्हती, पोलो खेळायची स्टिक होती! युरोपातल्या लोकांना पोलो माहीत नव्हता त्यामुळे त्यांनी तिचा सोटा केला, पुढे इंग्रजीत त्याचं वाँड झालं. म्हणजे ज्या वस्तूवरून एवढं खिदळणं चाललेलं असतं ती मुळात घोड्यावर बसून चेंडू मारायची वस्तू. पुढे उत्तर इटलीत १४४०च्या आसपास या पत्त्यांना चित्रांचे हुकमाचे पत्ते (हर्मिट, टॉवर, स्टार वगैरे कार्डं त्यातलीच) जोडले गेले आणि टॅरो तयार झाला, तोही खेळायलाच. भविष्य बघायला त्याचा गाजावाजा झाला तो त्यानंतर तीनेकशे वर्षांनी, १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने हे सगळं प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे असं छापलं तेव्हापासून. त्याला पुरावा काहीच नव्हता. सुतावरून स्वर्ग गाठायची सवय टॅरोवाल्यांना तेव्हापासूनची आहे, आज कोणी हर्मिटच्या काठीवरून बेडरूम गाठतो तो त्याच रस्त्याने जातो.

हर्मिटचं, म्हणजे त्या एकांतातल्या साधूचं, तर मला वाईटच वाटतं. बिचारा म्हातारा बर्फात एकटा उभा आहे, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात काठी, मान खाली. कोणीतरी त्या काठीबद्दल बोललंच तर मी एवढंच म्हणते, 'त्याला थंडी वाजतेय, आधाराला काहीतरी राहू दे.'

एकच वस्तू बघायची आणि बाकीचं चित्र सोडून द्यायचं

खरी चूक ही आहे, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. असला अर्थ काढणारा माणूस वाह्यात असतो असं नाही, तो फक्त कार्ड बघायचं थांबलेला असतो. एक उभी वस्तू सापडली, उत्तर मिळालं, संपलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात तसं मग पुढची सगळी कार्डं एकाच रंगाची दिसायला लागतात. टॉवर घ्या. उंच मनोरा, वरचा मुकुट उडालाय, आगीच्या ठिणग्या पडतायत, आणि यावर मी ऐकलेला अर्थ इथे लिहीत नाही, तुमच्या लक्षात आलाच असेल. मी विचारलं, 'बरं, मग ही दोन माणसं डोकं खाली पाय वर करून पडतायत ती कोण?' उत्तर नाही. 'आणि वीज?' त्यावर बाजूचा म्हणाला, 'वीज कोसळून लोक जिवाच्या भीतीने खाली पडतायत आणि याला रोमान्स सुचतोय, याच्या बायकोला विचारा रे कोणीतरी.' तिथे तो अर्थ स्वतःच गळून पडला, मला काही लेक्चर द्यावं लागलं नाही.

तर माझी कसोटी साधी आहे: उरलेल्या चित्राचं काय? एट ऑफ वाँड्समध्ये आठ काठ्या हवेतून सुसाट चालल्यात, पण कार्डात एकही माणूस नाही, मग हे नक्की कोणाचं चाललंय? पेज ऑफ कप्समध्ये कपातून मासा डोकं वर काढतोय आणि तो मुलगा त्याच्याकडे शांतपणे बघतोय, त्यावर कोणी जीवशास्त्राचा तास सुरू केला की म्हणायचं, 'थांब, तो मासा काहीतरी सांगतोय, आधी त्याचं ऐकून घेऊ.' मासा कपातून का आला, मुलगा दचकला का नाही, मागे समुद्र का आहे, हे प्रश्न विचारले की अनपेक्षित निरोप, मनात अचानक आलेली कल्पना हा अर्थ आपोआप समोर येतो.

मी इथे सांगतेय त्या डेकमधली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईने काढली, आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाच्या सांगण्यावरून, आणि डेक १९०९ साली लंडनला छापला. ती नाटकाच्या जगातली बाई होती, रंगमंचासाठी काम केलेली, त्यामुळे तिच्या कार्डात कोण कुठे तोंड करून उभं आहे, कोणाचा हात कुठे आहे, हे नटांसारखं बसवलेलं वाटतं. ते काम खूप मोठं होतं आणि पैसे फारच थोडे मिळाले असं तिने स्वतः एका पत्रात लिहिलंय. एवढ्या कष्टाने काढलेल्या चित्रातली एक काठी तेवढी उचलून बाकी सगळं फेकून द्यायचं, हे मला खरंच खुपतं.

कपडे नाहीत म्हणजे लगेच तसलं

यावर थोडक्यात. स्टार कार्डातली बाई विवस्त्र आहे, पण ती गुडघा टेकून पाणी ओततेय, एक धार तळ्यात, एक जमिनीवर. जजमेंटमध्ये लोक शवपेटीतून उठतायत. शवपेटीतून! तिथे अंगावर कपडे नाहीत म्हणजे लपवायला काही उरलं नाही एवढाच अर्थ आहे.

याच्या बरोब्बर उलटी चूक

काही रीडर्स एवढे सोवळे होतात की टॅरोत सेक्स नाहीच म्हणतात, तो विषय निघाला की चेहरा पाडतात. हेही चूकच. लव्हर्स कार्डात आदम आणि ईव्ह उघडेच उभे आहेत, तिच्या मागच्या झाडावर साप आहे, त्याच्या मागच्या झाडाला ज्वाळा. डेव्हिल कार्ड काढून त्याच्या शेजारी ठेवा, तेच जोडपं, पण आता शिंगं आलीत, तिच्या शेपटीला द्राक्षं, त्याच्या शेपटीला ज्वाळा, आणि गळ्यातल्या साखळ्या एवढ्या सैल की मनात आणलं तर डोक्यावरून काढून टाकता येतील. इच्छेबद्दल, आसक्तीबद्दल याहून स्पष्ट अजून काय बोलायचं? एम्प्रेसच्या झग्यावर डाळिंबं आहेत, ढालीवर शुक्राचं चिन्ह आहे, समोर पिकलेलं धान्य आहे. आणि अलिस्टर क्रोली या गूढविद्यावाल्या इंग्रज लेखकाने तर स्ट्रेंग्थ कार्डाचं नावच बदलून लस्ट, म्हणजे वासना, ठेवलं, फ्रीडा हॅरिसने रंगवलेल्या त्याच्या थॉथ डेकमध्ये बघा.

काठी म्हणजे पुरुष आणि कप म्हणजे स्त्री हेही कोणी काल उठून काढलेलं नाही, जेसी वेस्टन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९२०च्या पुस्तकात भाला आणि प्याला या जोडीबद्दल असंच लिहिलं आणि टॅरोच्या सूट्सशी त्याचा संबंध जोडला. पण तिथे बोलणं दोन तत्त्वांबद्दल आहे, अग्नी आणि पाणी, देणं आणि सामावून घेणं. त्यावरून टेन ऑफ वाँड्स म्हणजे दहा पुरुष म्हणायचं हा शुद्ध बादरायण संबंध झाला. जिथे विषय उघडपणे आहे तिथे मोकळेपणाने बोला, जिथे नाही तिथे ओढूनताणून आणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

समोरच्याचं रीडिंग असताना

आता माझा किस्सा. मी तेव्हा जुनं काम सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या विचारात होते, झोप उडाली होती, म्हणून एका रीडरकडे गेले, प्रश्न स्पष्ट सांगितला. पहिलंच कार्ड एस ऑफ वाँड्स. मला आतून एवढं बरं वाटलं! आणि समोरचा माणूस गालात हसून म्हणाला, कामाचं राहू द्या, तुमची शरीराची भूक भागत नाहीये असं दिसतंय. मी काय विचारलं होतं आणि हा काय बोलतोय. मला हसूही आलं नाही आणि भांडायलाही सुचलं नाही, पैसे ठेवले आणि उठले. पुढे कित्येक दिवस ते कार्ड हातात आलं की मला त्याचं ते हसू आठवायचं.

त्यामुळे यावर मी अजिबात सूट देत नाही. माणसाने तो विषय विचारला नसेल तर तुम्ही तो काढायचा नाही, गमतीत नाही, 'कार्डच असं बोलतंय' म्हणून तर मुळीच नाही. कार्ड बोलत नसतं, तुम्ही बोलत असता. आणि तुम्ही समोरच्या खुर्चीत असाल आणि रीडर असं काही बोलला तर 'मी हे विचारलेलं नाही' एवढं एक वाक्य म्हणा, तरी नाही थांबला तर उठा.

हसण्यात रीडिंग वाहून गेलं तर

मित्रमंडळींतली मजा वेगळी, तिथे चिडलात तर चूक तुमची. 'हे पवित्र आहे, हसू नका' म्हटलं की लोक दुप्पट हसतात, माझा अनुभव आहे. आणि अर्थ काढणाऱ्यालाच हसलात, 'तुझं डोकंच तसलं' वगैरे, तर तो गप्प बसतो आणि परत कधी कार्डाला हात लावत नाही. हसायचं ते त्या अर्थावर, आणि हसवणारं उत्तर चित्रातूनच शोधायचं, पानांचं, थंडीचं, माशाचं. हसू ओसरलं की कार्ड त्याच माणसाच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, अर्थ नको, फक्त काय काय दिसतंय ते सांग.

एकदा असंच टेन ऑफ वाँड्स आलं होतं, ग्रुपमधल्या सगळ्यात वात्रट मुलाने दहा काठ्यांवर जे काही अकलेचे तारे तोडले त्याने सगळ्यांचे डोळे पाणावले, माझेही. मग मी कार्ड त्याच्या हातात दिलं. तो बघत म्हणाला, एक माणूस आहे, वाकलाय, दहाच्या दहा काठ्या कवेत धरल्यात, तोंड त्याच काठ्यांत खुपसलंय. पुढे घरं दिसतायत. मग जरा थांबला. 'याला ती घरं दिसतच नसतील ना,' म्हणाला, 'एवढ्या जवळ आलाय तरी.' कोणी हसलं नाही. कार्ड त्याने खाली ठेवलं नाही, तसंच हातात धरून मला विचारलं, 'माझ्या ऑफिसबद्दल एक विचारू का?'